तांबोळी वकिलांचा एक गाढवपणा

अल्लाउद्दीन तांबोळी वकिलांविषयी लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याविषयी फारसं काही ठाऊक नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोणावळ्यात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. त्यांच्या परसातले पेरू आमच्या कौलांवर पडायचे आणि आमची मांजर त्यांच्या दुधात तोंड घालायची. आमचा व्यवहार एवढाच. मी भिडस्त, आणि ते समोरच्याला आधी बोलू देणारे, त्यामुळे पुष्कळदा आम्ही दोघंही नुसते उभे राहायचो. पुढं जे सांगतो आहे ते थोडं त्यांच्या बायकोकडून, जाहिदाभाभींकडून ऐकलेलं, थोडं मावळातल्या बेडसे गावाकडच्या लोकांकडून. कुठं चुकलं असेल तर दोष माझा. कुणीतरी लिहित्या हाताचा माणूस हे लिहील म्हणून मी पुष्कळ वर्षं वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही.

तांबोळी वकिलांचे वडील लोणावळ्याच्या बाजारात विड्याची पानं विकत. त्यांनी मुलाला एकच गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाईकानं पान मागितलं तर पान द्यावं. का खातोस, कुणासाठी नेतोस, असं विचारू नये. विचारलं की माणूस अवघडतो, आणि अवघडलेला माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मुलगा शिकला, वकिलीची परीक्षा पास झाला, वडगावच्या कोर्टात जाऊ लागला; पण शिकवण तीच राहिली. सकाळच्या गाडीनं वडगावला जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. अंगात काळा कोट, डोक्यावर गोंड्याची तांबडी टोपी, हातात पितळी डबा. वाटेत भेटेल त्याला रामराम किंवा सलाम, आणि कुणालाही अवघड वाटेल असा प्रश्न कधी चुकूनही नाही.

आता वकिलाचा धंदाच मुळी अवघड प्रश्न विचारायचा. तिथं हे कसं जमावं?

एकदा एका म्हशीचा दावा होता. समोरच्या पक्षाची म्हातारी शपथेवर सांगत होती की म्हैस तिच्याच गोठ्यात जन्मली. म्हशीचं वय आणि म्हातारीनं गोठा बांधल्याचं साल यांचा काही मेळ बसत नव्हता, आणि हे कोर्टाच्या शिपायालाही दिसत होतं. तांबोळी वकील उलटतपासणीला उभे राहिले, म्हातारीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मावशी म्हणतायत तर असेल."

मुन्सफसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

दावा गेला, म्हैसही गेली. पण ज्याची म्हैस गेली तो माणूस पुढच्या दिवाळीला आंबेमोहोराचं गाठोडं घेऊन वकिलांच्या दारात हजर. म्हणाला, "हरलो, पर तुमी लय मानानं हरवलंत." असा हा माणूस. मावळात त्यांच्यावर जीव टाकणारी घरं होती, आणि त्यातली निम्मी त्यांच्याकडून खटला हरलेली होती.

एकोणीसशे तेहेतीस-चौतीस साल असेल. बेडशाच्या खालच्या अंगाला एका वाडीत हौशीराम नावाचा शेतकरी भाताच्या खळ्यावर मरून पडलेला सापडला. डोक्यात वार होता. त्याचं आणि शेजारच्या नथूचं पाटाच्या पाण्यावरून आठवड्यापूर्वीच भांडण झालं होतं. नथू दहा माणसांदेखत ओरडला होता, "तुजं मुंडकंच उडीवतो!" असं मावळात निम्मी माणसं बैलालासुद्धा म्हणतात. पण बैल मरत नाही म्हणून त्याची चौकशी होत नाही. त्यातून हौशीरामच्या बायकोनं, झुंबरबाईनं, जबानी दिली की दिवेलागणीला नथू कोयता घेऊन खळ्याकडून खाली जाताना तिनं पाहिला. नथूला धरून नेलं.

नथूची बायको कस्तुराबाई रडतभेकत वडगावला आली आणि तांबोळी वकिलांच्या पायाशी बसली. तिला दुसरा वकील माहीतच नव्हता.

आता यातली मेख अशी की झुंबरबाईला रातांधळेपणा होता. दिवस मावळला की तिला काही दिसत नसे. तिची मुलगी शालू तिला हाताला धरून गोठ्यातून घरात न्यायची. वाडीतल्या पोराठोरांना हे ठाऊक होतं. दिवेलागणीला तिनं नथू पाहिला, हे व्हायचंच नाही. पण शालूच्या लग्नाची सुपारी आंबी गावच्या दत्तोबाच्या धाकट्या मुलाशी फुटली होती. आईला रातांधळेपणा असला की तो लेकीच्या रक्तात उतरतो, अशी तिकडं पक्की समजूत. हे आंबीला कळलं तर लग्न मोडणार, आणि बाप गेलेल्या पोरीचं मोडलेलं लग्न पुन्हा कोण जुळवणार? म्हणून अख्खी वाडी मूग गिळून बसली. पोलीस आले, पंचनामा झाला, दहा जबान्या झाल्या, पण झुंबरबाईच्या डोळ्यांचं कुणी चकार शब्दानं बोललं नाही.

आणि बाकीच्यांचं सोडा, खुद्द नथूसुद्धा बोलेना. कस्तुराबाईनं वकिलांच्या कानावर घातलंच होतं, म्हणून वकील त्याला येरवड्याला भेटायला गेले. नथूनं गजांमधून हात जोडले.

"वकीलभाऊ, तेवडं सोडून काय बी इचारा. शाली माज्या अंगाखांद्यावर खेळलीया. तिचं लगीन मोडलं तर मी कुटं तोंड दाखवू?"

"अरे, पण तू सुटायला नको का?"

"सुटनारच की! म्या केलंच न्हाई तर मला कशाला ठेवत्यात?"

तांबोळी वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक तर असला प्रश्न भर कोर्टात एका नव्या विधवेला विचारायचा, या विचारानंच त्यांना आठ दिवस जेवण जात नव्हतं. आता आरोपीच नको म्हणतो आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, चला, अल्लानं वाट काढली. एकंदर पुरावा पातळ आहे, सुटेल.

पुण्याच्या मोठ्या कोर्टात खटला उभा राहिला. झुंबरबाई साक्षीच्या पिंजऱ्यात आली. सरकारी वकिलांनी विचारलं, खळ्याकडून कोण गेला? ती म्हणाली, नथू. बरोबर काय होतं? कोयता. मग तांबोळी वकील उठले. मागच्या बाकावर शालू पदराचं टोक चावत बसली होती, आणि तिच्या शेजारच्याच बाकावर, होणाऱ्या व्याह्यांच्या दुःखात सोबत म्हणून नवं मुंडासं बांधून आंबीचा दत्तोबा बसला होता. वकिलांनी त्या मुंडाशाकडे पाहिलं. जिभेवर आलेला प्रश्न जिभेवरच विरघळला.

"मावशी," ते म्हणाले, "येताना प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"न्हाई बाबा."

"मला आणखी काही विचारायचं नाही."

नथूला फाशीची शिक्षा झाली. जज्जसाहेबांचा यात काय दोष? त्यांच्यापुढं जे आलं त्यावर त्यांनी निकाल दिला. निकाल इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला, तरी नथूला नीट कळलं नाही. शिपाई त्याला घेऊन निघाले तेव्हा त्यानं वळून विचारलं, "वकीलभाऊ, मग घरी कवा जायचं?"

तांबोळी वकील आपले कागद कोटात कोंबत राहिले.

त्या संध्याकाळी ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि जाहिदाभाभींना सगळं सांगितलं. भाभी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे त्या बाईला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही प्रवासाची चौकशी केली?"

"तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, जाहिदा. भर कोर्टात कसं विचारायचं?"

"आणि कस्तुराबाईचं कुंकू? ते कुणाच्या लग्नाचं नाही वाटतं? तिला कसं सांगणार आहात, की मला विचारायला लाज वाटली म्हणून तुझा नवरा लटकणार?"

"नथू स्वतःच नको म्हणाला."

"तो शेतकरी आहे. तुम्ही वकील आहात." मग भाभी म्हणाल्या, "मला पाहायला आलात तेव्हा तुमच्या आईनं माझे दात मोजले होते. लंगडते का म्हणून घरभर चालवलं होतं. तेव्हा नाही कुणाला लाज वाटली!"

"मी तेव्हा बाहेर ओट्यावर बसलो होतो."

"तुम्ही नेहमीच बाहेर ओट्यावर बसलेले असता."

वकिलांनी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी वडगावच्या गाडीत बसण्याऐवजी ते मुंबईच्या गाडीत बसले.

फाशीची शिक्षा हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, एवढा दिलासा होता. कोटात कोंबलेली ती कागदपत्रं घेऊन ते मुंबईच्या एका बड्या वकिलाकडे गेले. ते गृहस्थ कागद भराभर उलटत होते. एका पानावर त्यांचा हात थांबला. त्यांनी ते पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मोठ्यांदा वाचलं: "'येताना प्रवासात त्रास नाही ना झाला?' खुनाचा खटला, डोळ्यांनी पाहिलं म्हणणारी एकच साक्षीदार, आणि उलटतपासणीत एकच प्रश्न! हा कोण गाढव?"

"मीच," तांबोळी वकील म्हणाले.

"बसा, बसा," बडे वकील गडबडीनं म्हणाले. "मला वाटलं तुम्ही आरोपीचे नातेवाईक."

मग तांबोळी वकिलांनी सगळी हकीकत सांगितली. बडे वकील ऐकता ऐकता खुर्चीत पुढं सरकत गेले.

"हे पाहा," ते म्हणाले, "फाशी सुनावलेला प्रत्येक माणूस अपिलात म्हणतो की माझा वकील नालायक होता. जज्जांचे कान किटलेत ते ऐकून. त्यावर ते शिक्षा उठवत नाहीत. पण वकीलच उभा राहून शपथेवर म्हणतोय की हो, मीच नालायक, हे मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही लिहून द्याल?"

"देईन."

"सनद जाईल कदाचित."

"वडिलांचं पानाचं दुकान आहे."

"पण तेवढ्यानं भागायचं नाही. जे तुम्ही विचारलं नाही ते खरं होतं, हे दाखवावं लागेल. गावातली माणसं लिहून देतील का? एक, की म्हातारीला दिसत नाही. दोन, की तुम्हाला ते सांगितलं होतं, तरी तुम्ही काम केलं नाहीत."

"देतील की," तांबोळी वकील म्हणाले. "खरंच तर आहे."

इथंच ते चुकले. माणसांना ओळखण्यात नाही, त्यांच्या मायेचा अंदाज घेण्यात.

वाडीत बजरंगआबांच्या अंगणात माणसं जमली. आबा वाडीतले जाणते, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. वकिलांनी समजावून सांगितलं की नथू वाचवायचा असेल तर शपथेवर लिहून द्यायला हवं, या वकिलानं काम नीट केलं नाही, हा वाईट वकील आहे.

आबांनी कानांना हात लावला. "तुमाला वाईट म्हनायचं? जीभ झडंल माजी. माज्या घरी भाकर खाल्लीया तुमी."

"आबा, तुमची भाकरी खाल्ली म्हणून माझी वकिली चांगली होते का?"

"आमच्या गड्याला तुमी कदी वाकडं इचारलं न्हाई."

"त्यानंच तर घात झालाय! म्हणा हो, आबा. नालायक म्हणा. एकदाच म्हणा."

"न्हाई म्हननार."

"मी तुमच्या पाया पडतो."

"मग मीच तुमच्या पडतो!" असं म्हणून आबा खरंच खाली वाकले, आणि दोघं एकमेकांना उठवण्याच्या खटपटीत अंगणात बसले. पोरं हसायला लागली. कुणी म्हणालं, "आपन असं लिवू, वकील चांगला पर येळ वाईट." कुणी म्हणालं, "ग्रह म्हना, ग्रह." वकील कपाळाला हात लावून बसले.

तेवढ्यात भिंतीशी बसलेली कस्तुराबाई उठली. तिनं पदर खोचला.

"मी म्हनते," ती म्हणाली. "वकीलभाऊ, तुमी लय वाईट वकील हाय."

वकिलांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर, म्हणतात, इतका आनंद त्या महिन्यात कुणी पाहिला नव्हता.

"अल्ला तुमचं भलं करो, कस्तुराबाई," ते म्हणाले.

मग आबांनाही धीर आला. "बरं, लिवा तर," ते पुटपुटले. "मानूस सोन्यासारका, पर या कामात गाडव." मुंबईच्या बड्या वकिलांनी पुढं ते वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं ठेवलं.

पण डोळ्यांची गोष्ट आली की पुन्हा सगळे गप्प. शालूचं लग्न! वकील उठले आणि सरळ झुंबरबाईच्या दारात गेले. ऊन अजून होतं. म्हातारी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ख्यालीखुशाली न विचारता बोलायला सुरुवात केली.

"मावशी, दिवेलागण झाली की तुम्हाला दिसत नाही. खरं ना?"

झुंबरबाईचे हात थांबले. मग म्हणाली, "आता इचारतुस, लेका? कोर्टात का न्हाई इचारलंस?"

वकिलांनी उगाच टोपी सारखी केली. म्हातारी बोलतच होती.

"त्या सरकारच्या काळ्या कोटवाल्यानं इचारलं, कोन गेला? म्या म्हनलं, नथू. चालताना कमरंच्या आकडीत कोयता वाजत हुता, आन् ती नथूची रोजची वाट. कसं वळखलं, आसं कुनी इचारलंच न्हाई. म्या म्हनलं, आता ह्यो आपला वकील इचारंल, मग सांगू, आवाजावरनं म्हनून. तू आलास, आन् परवासाचं इचारून बसलास खाली!"

"आकडीत कोयता तर मावळात प्रत्येकाच्या वाजतो, मावशी."

"व्हय," म्हातारी हळू म्हणाली. "त्या फाशीचं ऐकल्यापासनं त्योच इचार करतीया मी. पर पोरीच्या डोईवर अक्षता पडल्याबिगर मी बोलनार न्हाई."

लग्न होतं वैशाखाच्या शेवटी. हायकोर्टाची तारीख त्याच्या आधीची. म्हणजे मुहूर्त अलीकडे ओढायला हवा, आणि त्याला मुलाकडचे कारण विचारणार. वकिलांना खोटं सांगायची कला नव्हती. ते तसं म्हणाले. तेव्हा आतून शालूचा आवाज आला. ती आजवर परक्या माणसापुढं कधी बोलली नव्हती.

"खरं तेच सांगा त्यास्नी. नथूकाकाला मारून मला न्हाई नांदायचं."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला, पण नाही म्हणाली नाही.

वकील आंबीला गेले. दत्तोबा ओसरीवर सुतळी वळत बसला होता. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दत्तोबा, विचारू नये असं विचारतो. शालूच्या आईला रातांधळेपणा आहे. हे ऐकून तुम्ही लग्न मोडणार का?"

दत्तोबानं सुतळी खाली टाकली. तोंड उघडं पडलं. मग तो घरात तोंड करून ओरडला, "अगं ए, भाईर ये! त्यांच्याकडं बी हाय!"

त्याची बायको हात पुसत बाहेर आली, आणि ऐकून मटकन खालीच बसली. मग दोघंही हसायला लागली. दत्तोबाला तर हसताना खोकला आवरेना.

"वकीलसायेब, माज्या बाला न्हवतं दिसत, मला दिसत न्हाई, माज्या थोरल्याला दिसत न्हाई. धाकट्याचं तेवडं बरं हाय. आमी आपलं जीव मुठीत धरून बसलो हुतो, की पोरीकडच्यांस्नी कळलं तर काय! म्हनून तर म्या गोरज मुहूर्त नको म्हनलं, दुपारचा धरा म्हनलं."

"तुम्ही म्हणालात? झुंबरबाई म्हणते, दुपारचा मुहूर्त आम्ही मागितला, आणि व्याह्यांनी मोठ्या मनानं मानला."

"आन् आमास्नी वाटलं, त्येंचंच मन मोटं!"

वकील तिथंच ओसरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. एका माणसाच्या गळ्याभोवती दोर आला होता, तो ज्या भीतीनं आला ती भीतीच मुळात पोकळ होती. ती पोकळ आहे हे कळायला एक प्रश्न पुरला असता. मग त्यांनी पाणी मागून घेतलं.

लग्न पंधरवड्याच्या आत उरकलं, भर दुपारी, डोळे दिपतील अशा उन्हात. जाहिदाभाभी लोणावळ्याहून टोपलीभर विड्याची पानं घेऊन गेल्या होत्या. त्या सांगायच्या, असलं घाईचं लग्न त्यांनी पाहिलं नाही. ऊन उतरायला लागलं तशी दोन्हीकडची वडीलमाणसं उठा उठा करायला लागली, आणि वऱ्हाड दिवस मावळायच्या आत घरी पोचावं म्हणून दत्तोबानं बैल असे पिटाळले की नवरीच्या मुंडावळ्या वाऱ्यावर उडाल्या. गाड्या दिसेनाशा झाल्यावर झुंबरबाई वकिलांना म्हणाली, "चल लेका, काय लिवायचं ते लिव," आणि अंगठा पुढं केला.

हायकोर्टात कागद वाचले गेले. एका न्यायमूर्तींनी विचारलं, हे लिहून देणारे वकील इथं आहेत का? तांबोळी वकील मागच्या भिंतीशी उभे होते. ते पुढं आले.

साक्षीदाराला दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं?

होय.

मग विचारलं का नाही?

वकिलांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, पण सुपारी फुटण्याला इंग्रजी शब्द सापडेना. ते नुसतं म्हणाले, "तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, साहेब."

"आणि आता?"

"आता झालं, साहेब."

कोर्टात हशा पिकला. पण न्यायमूर्तींनी लगेच कागदावर काही लिहिलं. हुकूम झाला की म्हातारीची साक्ष पुन्हा घ्यावी, डॉक्टरकडून डोळे तपासावेत आणि सगळं परत पाठवावं. त्याप्रमाणे झालं. या वेळी झुंबरबाईला सगळे प्रश्न विचारले गेले, आणि तिनं ठणकावून सांगितलं की दिवे लागल्यावर तिला स्वतःचा हात दिसत नाही, मग नथू कुठला दिसायला. नथू सुटला.

खरा मारेकरी कोण, ते शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. लोक एक-दोन नावं घेतात. मी घेणार नाही.

नथू घरी आला तेव्हा वाडीत भाताची लावणी चालू होती. कामशेतच्या स्टेशनवर त्याला आणायला वकील स्वतः गेले होते. नथूनं उतरल्या उतरल्या विचारलं, "शालीचं लगीन मोडलं का वो?" वकील म्हणाले, "झालं. तू बुंदी चुकवलीस." कस्तुराबाई दोघांच्या पुढं पुढं चालत होती. घराजवळ आल्यावर ती मागं वळून वकिलांना म्हणाली, "वकीलभाऊ, म्या म्हनले त्ये शब्द खरंच हुते. आता परत घेत न्हाई." वकील म्हणाले, "घेऊ पण नका."

सनदेची चौकशी झाली. सनद राहिली, कडक समज मिळाली. मात्र वर्ष-दीड वर्ष कुणी पक्षकार फिरकला नाही, आणि तांबोळी वकील दुपारभर बाजारात वडिलांच्या दुकानात ओल्या फडक्यात पानं गुंडाळत बसत. पुढं हळूहळू लोक यायला लागले, ते तक्रारी घेऊनच. कारण वकील पार बदलले होते. बांधाचा दावा घेऊन गेलेल्याला ते विचारायचे, बायकोशी पटतं का? दारू किती पितोस? बाप कशानं गेला? भाऊ खरंच सख्खा का? एका म्हाताऱ्याला तर त्यांनी दाताची कवळी बाहेर काढायला लावली. माणसं घामाघूम होऊन बाहेर यायची. वडगावच्या कोर्टाबाहेर चहा पिताना मी स्वतः ऐकलं आहे: "आदीचे तांबोळी वकील बरे हुते राव. हरायचे, पर छळायचे न्हाईत."

खटले मात्र पूर्वीपेक्षा जास्त जिंकत होते. घरीसुद्धा तेच चाललं होतं. जाहिदाभाभी आमच्या बायकोजवळ कुरकुरायच्या, की यांना आता भाजीत मीठ कमी का, हेसुद्धा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारायचं असतं. पण कुरकुरताना त्या हसत असायच्या.

मला मात्र त्यांनी बरीच वर्षं काही विचारलं नाही. माझा कुठलाच खटला नव्हता, आणि मी दिसलो की पुढं सटकायचो. सेहेचाळीसच्या हिवाळ्यात माझी मिरजेला बदली झाली. सामान पुढं गेलं होतं. मी स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभा होतो, आणि ते वडगावच्या गाडीतून उतरले. त्यानंतर आमची भेट झाली नाही; दोन वर्षांनी मिरजेत मला पत्रानं कळलं की ते गेले. त्या दिवशी स्टेशनवर ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"कसे आहात?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

ते हलले नाहीत. "ठीक म्हणजे काय? भूक लागते का?"

"लागते. तशी बेताचीच."

"झोप?"

"तीही बेताचीच."

"बदली तुम्हाला हवी होती का?"

मी इकडं तिकडं पाहिलं. गाडी अजून आली नव्हती. "नाही," मी म्हटलं.

"साहेबाला तसं सांगितलंत?"

"नाही."

"मग मिरजेला पोचलात की तसं लिहून टाका."

"लिहितो," मी म्हटलं.